चतुर्थीची रजा

मालवणच्या त्या रिसॉर्टमधली कॉम्प्युटरची सगळी कुलपं सुशांतच्या हातात. चतुर्थीला पाच दिवस धामापूरला घरी जायचा, तेवढ्यापुरताच काय तो आपला पासवर्ड रिसॉर्टच्या मॅनेजर साहेबांकडे ठेवायचा. देवाच्या कामाला निघताना मनात किंतु कसला!

दिवाळीनंतर रिसेप्शनवर बसणाऱ्या मामेबहिणीने, अनुजाने विचारलं, "तो साहेब अंगचटीक येता रे. मुंबैच्या समितीक तक्रार करतंय. पण हय कोणी वाचल्यान तर?"

"ऑफिसातनाच लिही गो. माझ्याशिवाय हय कोणूच कायएक उघडूक शकणा नाय."

चौथ्या दिवशी साहेबांनी तक्रारीतली वाक्यं तिलाच तोंडपाठ ऐकवली आणि कामावरून काढलं.

सुशांतने तिला शेजारी बसवून एआय एजंटला हुकूम सोडला, "ऑफिसातून बाहेर जाणारं सगळं ज्या फायरवॉलमधून जातं, तिच्यात कोणाचा कुलूपबंद मजकूर उघडून वाचायचा, ते ठरवणारे सगळे नियम दाखव." यादी आली. बँक : उघडू नये. दवाखाना : उघडू नये. तक्रार समिती : उघडावे, प्रत साहेबांना.



त्यापुढे नियम घालणाऱ्याचं नाव होतं सुशांत, तारीख गणेश चतुर्थीची; अनुजाने ते दोनदा वाचलं आणि त्याच्या शेजारची खुर्ची मागे सारून उठली.