रिकाम्याला खांदा

सत्तावीस सालच्या पटकीच्या साथीत अब्बांना अलिबागच्या दवाखान्यात उचलून न्यायला एकही माणूस पुढे आला नव्हता. म्हणून यंदा पुन्हा साथ आली आणि दवाखान्याला स्वयंसेवक हवेत असं कळताच हमीद आणि रशीद या भावांनी नावं दिली. उद्या डॉक्टर त्यांना रोगी उचलायला लावून पारखणार होते.

चौलात स्ट्रेचर कुठलं मिळायला? सरावासाठी त्यांनी मशिदीतला मयत न्यायचा रिकामा जनाजा मागून आणला. पुढे हमीद, मागे रशीद, असे ते वाडीच्या रस्त्याने निघाले.

जनाजा दिसला की खांदा द्यायचा, ही रीत. दुकानातून एक म्हातारा उठून आला. मग आणखी दोघं आले. जनाजा हातांतून खांद्यांवर गेला.

"चाचा, यात कोन न्हाय. आम्ही नुसता सराव करतोय," हमीद म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. माणसं येतच राहिली, ओठांतल्या ओठांत कलमा पुटपुटत. रस्ता कब्रस्तानाकडे वळला. हमीदचा खांदा भरून आला. रिकामं लाकूड इतकं जड नसतं.

त्याने मागे पाहिलं. रशीदच्या जागी भलताच माणूस होता.

"रशीद!" त्याने घाबरून हाक मारली.

"हां, भाई," रशीद म्हणाला. आवाज अगदी कानाजवळून आला, वरून.