लाल पत्त्यानंतरचा क्षण

दहाला पाच मिनिटं असताना काकूंनी दार उघडलं. नेहमीप्रमाणे त्यांनी दोन खुर्च्या खिडकीपाशी समोरासमोर मांडल्या, काकांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर बसवला आणि दुभाषी बाईंच्या हाती चहाचा कप दिला. बाईंनी पिशवीतून चित्रांचे पत्ते, वही आणि सेकंद मोजायचं घड्याळ काढलं.

काका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. सात महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली. हातपाय बचावले, पण शहराची भाषा गेली. ज्या भाषेत चाळीस वर्षं संसार केला तीच पुसली गेली आणि लहानपणची, डोंगरापलीकडची तेवढी उरली. काकूंना तिचा एक शब्द येत नव्हता. मग रुग्णालयाने शोधून शोधून ती भाषा जाणणाऱ्या या बाई पाठवल्या.

“माझी लिफ्ट तळमजल्यावर अडकलीय,” काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

बाईंचा उरलेला दिवस एका कचेरीत जाई, शहराच्या भाषेतल्या कागदांवर मान घालून. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि घरातली भाषाही तिच्याबरोबर गेली. मध्यंतरी त्या भिंतींशी मोठ्याने बोलून पाहत. आपलाच आवाज ऐकून दचकायला होई, म्हणून तेही सोडलं. सकाळचा हा एकच तास त्यांच्या जिभेला माहेरपण मिळे.

या तासात काका पत्त्यांकडे कमी पाहत आणि चौकशाच जास्त करत. रविवारी कुठे गेली होतीस, कुणी आलं होतं का, एकटीपुरता स्वयंपाक करतेस की काहीबाही खाऊन वेळ मारून नेतेस? काकू कानात प्राण आणून ऐकत आणि मग विचारत, “काय म्हणाले?”

बाई संकोचाने सांगत, “माझीच चौकशी करताहेत.”

“चाळीस वर्षांत माझी नाही केली इतकी,” काकू म्हणत, आणि काका मिशीत हसत.

काकांच्या तोंडून शहराच्या भाषेतला पहिला शब्द निघाला की दुभाष्याचं काम संपणार, हे ठरलेलंच होतं. तो निघू नये असं बाईंना वाटे. असं वाटतं याची लाजही वाटे.

आज त्यांनी पत्ते पिसले. निळ्या चौकटीतलं चित्र असेल तर नाव जन्मभाषेत सांगायचं, लाल चौकटीतलं असेल तर शहराच्या. निळी किल्ली काकांनी चटकन सांगितली, निळी होडीही. लाल शिडीला नकारार्थी मान हलवली. पुढच्या निळ्या झाडाला मात्र ते क्षणभर थबकले.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दोन्ही भाषा डोक्यात एकाच वेळी जाग्या असतात, असं रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञांनी त्यांना समजावलं होतं. एक बोलायची तर दुसरीला दाबून धरावं लागतं, आणि दाबलेली मोकळी करायला क्षणभर जास्त लागतो. पण जी भाषा उरलीच नाही, तिच्यासाठी काका कुणाला दाबत होते?

त्यांनी मध्ये एक कोरा पत्ता दाखवला आणि मग निळा. उत्तर चटकन आलं. पुन्हा लाल, मग निळा. काका पुन्हा थबकले. तीनदा पत्ते पिसले, तिन्ही वेळा घड्याळाने तेच सांगितलं. लाल चित्राचं नाव काकांच्या मनात उमटत होतं आणि ते गिळून टाकत होते.

“काका, लाल पत्त्याला खरंच काही आठवत नाही?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. “नाही गं पोरी. रविवारचं सांग. दिवसभर घरातच होतीस ना?”

काकू आत कपड्यांच्या घड्या करत होत्या. नवऱ्याच्या एका शब्दासाठी झुरणारी बायको आणि तो शब्द मुठीत दाबून बसलेला हा माणूस. चाळीस वर्षांनंतर असा कसला राग? सांगावं तर आपल्याच पायावर धोंडा. न सांगावं तर काकूंच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा?

जाताना काकूंनी विचारलं, “उद्या येणार ना?”

बाईंनी पिशवी उचलली आणि थेट रुग्णालय गाठलं. बाकावर बसून त्यांनी अहवाल लिहिला: रुग्णाला शहराची भाषा येते, तो लपवतो, दुभाष्याची गरज नाही. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

वाचातज्ज्ञ रजेवर होते. कारकुनाने अहवालावरून नजर फिरवली, फाईल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“शिळी बातमी आणलीत, बाई. हे तर चार महिन्यांपूर्वीच लागलंय फायलीला. पटत नसेल तर तारीख बघा.” त्याने फाईल त्यांच्याकडे फिरवली आणि तो फोन घ्यायला वळला.

काकूंचं पत्र होतं. ‘यांची भाषा परत आली. आता दुपारभर आम्ही बोलतो, भांडतोही. तरी बाईंचं येणं बंद करू नये. त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणारं कुणी नाही, असं हे म्हणतात. ते आणखी काही दिवस आजारी राहायला तयार आहेत. बाईंना मात्र कळू देऊ नका.’ खाली वाचातज्ज्ञांची सही होती.

बाईंनी फाईल मिटली. आपला अहवाल उचलून, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. मग कारकुनाकडून कोरा फॉर्म मागून घेतला आणि ‘दुभाष्याची गरज’ या रकान्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: आहे.