चुल्याच्या डोंगराची साक्ष

“सर, आज तुम्ही काही बोलू नका,” कॉन्रॅड खालच्या आवाजात म्हणाला.

मार्सेल सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जूचंद्रच्या शाळेच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. समोर पटांगणात गाव बसलं होतं, आणि शाळेच्या मागे चुल्याचा डोंगर उन्हात काळाभोर उभा होता. तिथे खाण काढायची म्हणून खाडीवरच्या पुलाच्या कंत्राटदाराने अर्ज केला होता. प्रांतसाहेब आज सगळ्यांचं ऐकून निकाल देणार होते.

सरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात ते आठवीचा वर्ग या डोंगरावर आणत आणि डबे उघडले की म्हणत, “तुम्ही ज्वालामुखीच्या तोंडावर बसून जेवताय.” अर्धी मुलं ताडकन उठत. एका वर्षी एक मुलगा उठला नाही. त्याने विचारलं, “सर, मग याच्या पोटात आता काय आहे?”

तो गास गावचा कॉन्रॅड. सरांनी त्याला आपली पुस्तकं दिली, त्याच्या बापाची समजूत घालून त्याला कॉलेजात धाडलं. आता तो सरकारी भूशास्त्रज्ञ झाला होता. गेल्या आठवड्यात चार दिवस तो हा डोंगर तपासत होता. उमेळ्यात सरांचं घर, इथून सायकलने अर्ध्या तासावर. पण तो चहालाही आला नव्हता. तेव्हापासूनच सर डोक्यात राख घालून बसले होते.

प्रांतसाहेबांनी खूण केली. कॉन्रॅड उठला आणि कागदात पाहून वाचू लागला.

“हा डोंगर म्हणजे मृत ज्वालामुखी आहे, असा समज आहे. त्याला आधार आढळला नाही. वर मुरूम आहे. खालीही तसाच भुसभुशीत दगड असावा. या डोंगरात विशेष काही नाही.”

पटांगणात कुजबुज सुरू झाली. कंत्राटदार खाली मान घालून बसला होता. खुशी लपवतोय, सरांच्या मनात आलं.

पायथ्याशी राहणारी सत्यवती उभी राहिली. “मास्तर, यो तुमच्याच हाताखाली शिकला ना? आमचं पानी त्याच डोंगरातून येतं. सुरुंग लागला का झरा गेला. ह्ये त्याला ठाव नाय?”

“पाण्याचं झालं, बाई,” प्रांतसाहेब म्हणाले. “कंत्राटदार दुसरी विहीर खोदून देणार आहेत. तो मुद्दा मिटला. आता प्रश्न फक्त डोंगराचा.”

सर उठले.

“साहेब, हा माणूस खोटं बोलतोय. आणि समजून-उमजून खोटं बोलतोय. मी दाखवतो. चला माझ्याबरोबर.”

“सर,” कॉन्रॅड म्हणाला, “उन्हात कशाला त्रास घेता?”

“तू गप्प बस.”

सगळे शाळेमागच्या कड्यापाशी गेले. सरांनी दोन्ही हातांनी वेली ओरबाडून काढल्या. आत दगडाचे सहाकोनी खांब उभे होते, एकाला एक खेटून, कोणी घडवल्यासारखे.

“ही ज्वालामुखीची नळी,” सर म्हणाले. “सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस वर येता येता इथेच थिजला. वरचा मुरूम ही नुसती टोपी. आत तळापर्यंत हाच दगड, एकसंध. मुरूम म्हणतोस याला?”

पिशवीतून हातोडा काढून त्यांनी घाव घातला. लोखंडाच्या घंटेसारखा आवाज आला आणि हातोडा उसळून मागे आला. त्यांनी पुन्हा मारला. टवकासुद्धा उडाला नाही. मग प्रांतसाहेबांनी हातोडा मागून घेतला आणि स्वतः मारून पाहिला.

“सर, पुरे आता,” कॉन्रॅड म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“घाबरलास? नोकरी जाईल म्हणून? त्यांनी काय दिलं तुला, की आठवीत शिकलेलंसुद्धा विसरलास? तुला घडवलं याची आज मला लाज वाटते. पुन्हा कुठे मला सर म्हणू नकोस.”

कॉन्रॅडचे ओठ हलले. गावकरी टाळ्या वाजवत होते, त्यात काही ऐकू आलं नाही. धर्मा नावाच्या म्हाताऱ्या मिठागरवाल्याने येऊन सरांचे पाय धरले.

सगळे परत ओट्यावर आले. सरांनी घाम पुसला. “साहेब, असा डोंगर तालुक्यात दुसरा नाही. तो राखला पाहिजे. एवढंच माझं म्हणणं.”

“डोंगराबद्दल तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं आहे,” प्रांतसाहेब म्हणाले. “कॉन्रॅडसाहेब, तुमची काही हरकत?”

कॉन्रॅडने नकारार्थी मान हलवली. तो आता सरळ सरांकडे पाहत होता. सरांनी तोंड फिरवलं.

प्रांतसाहेब कारकुनाकडे वळले. “लिहा. खाडीवरच्या पुलासाठी अखंड काळा दगडच लागतो. तो इथे मिळणार नाही, सबब अर्ज फेटाळावा, अशी भूशास्त्रज्ञांची शिफारस होती. मार्सेल सरांनी दाखवलेल्या पुराव्यावरून ती चुकीची ठरते. खाणीला मंजुरी देण्यात येत आहे.”