बिनसाखरेचा चहा

विमलानं आगाशीहून आणलेला सुकेळ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, दिनानाथच्या, मोडलेल्या घोट्यात प्लेट बसवून महिना झाला, तरी जखम पुवाळलेलीच होती. “साखर तीनशेवर! जखम भरणार कशी?” डॉक्टर म्हणाले. “गोड काय देता?” “काही नाही हो. चहासुद्धा बिनसाखरेचा.” ते खोटं नव्हतं. तसला चहा बघून नवऱ्याचं तोंड उतरायचं, म्हणून ती बशीत दोन सुकेळी ठेवायची. वाडीतली केळी, उन्हात वाळवलेली; त्यात साखर कुठली? डॉक्टरांनी पुडा सोडला. “वा, सुकेळी! साखरेहून गोड. यांना मात्र दाखवूही नका.” विमला खरं सांगायला तोंड उघडणार, तोच दिनानाथ म्हणाला, “मीच चोरून खातो.” डॉक्टर उखडले, “बायको एवढं जपते, आणि तुम्ही?” सुकेळ्यांचा डबा माळ्यावर होता, आणि महिनाभर दिनानाथचं पाऊल जमिनीला टेकलं नव्हतं.