बियाण्याचा लसूण

“ओला आहे,” सासरे म्हणाले आणि सुनेच्या हातातला गड्डा त्यांनी काढून घेतला. मानेशी चिमटीत दाबून तिला दाखवला. “हा अजून आठ दिवस टांगलेला राहू दे. एवढीशी ओल आत राहिली, की अख्खी वेणी सडते.”

लसूण काढून तीन आठवडे झाले होते. निम्मी पात पिवळी पडल्याबरोबर दोघांनी वाफा उपसला, माती नुसती झटकली, पाण्याचा थेंब लागू दिला नाही आणि मागच्या व्हरांड्यात सावलीला सगळे गड्डे दोरीवर टांगले. आज निवडून पातीच्या वेण्या घालायचा दिवस. आणि आजच तिला सांगायचं होतं, की ती पुन्हा लग्न करतेय. संध्याकाळपर्यंत घरी सांगते, असा शब्द तिने त्या माणसाला दिला होता. तीन आठवडे हाच शब्द ती रोज देत होती आणि रोज लसणाचं निमित्त करून मोडत होती.

नवरा गेल्याला पाच वर्षं झाली होती. घरात आता ही दोघंच. म्हाताऱ्याला एकटं टाकून जायचं, एवढं नुसतं मनात आलं तरी ती सांगणं उद्यावर ढकलायची.

त्यात सासरे म्हणजे काही मऊ माणूस नव्हे. जन्मभर शिंपीकाम केलं, पण आपल्या मशीनला कुणाला बोट लावू दिलं नाही. तेल, पट्टा, दुरुस्ती, सगळं स्वतः. लसणाचंही तेच. सगळ्यात मोठे गड्डे बियाण्याला ठेवायचे आणि बियाणं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. सख्ख्या बहिणीने मागितलं, तर तिला बारका लसूण पिशवीभर दिला आणि वर बजावलं, “खा, लावू नकोस.” ती बहीण तो किस्सा अजून हसून सांगते आणि सांगता सांगता चिडते.

“बाबा,” सून म्हणाली.

“बोल.”

तिने हातातल्या गड्ड्याची माती उगाच झटकली.

“काही नाही. चष्मा घसरतोय तुमचा.”

खरंच घसरत होता. एक काडी कानावरून खाली लोंबत होती.

“स्क्रू सैल झाला वाटतं पुन्हा,” सासरे म्हणाले. “उद्या दुकानात दाखवून आण.”

वर्षभरातली ही सातवी खेप. दुसरी कुणी असती तर तिने तो चष्मा एव्हाना कचऱ्यात टाकला असता. सून मात्र एकदाही कुरकुरली नव्हती.

सासरे मशीनच्या खणातल्या छोट्या कात्रीने मुळं कापत होते. बारके गड्डे सुनेकडे, वेणीला. मोठे आपल्या पुढ्यात. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की मोठ्या गड्ड्यांचे दोन ढीग होताहेत. एक इकडे, एक तिकडे, अगदी मापात. म्हातारपणी विसरायला लागले की काय, तिला वाटलं, आणि सांगणं आणखीच जड झालं.

“बाबा, बियाण्याचा ढीग एकच असतो ना?”

“यंदा दोन.”

त्यांनी एक ढीग नव्या शिवलेल्या कापडी पिशवीत भरला, नाडी ओढली आणि पिशवी तिच्यापुढे सरकवली. “थंडीच्या तोंडावर लाव. पाकळीचं टोक वर ठेव. आणि काय गं, त्या चष्मेवाल्याच्या अंगणात ऊन किती वेळ असतं?”

सुनेच्या हातातली वेणी सुटली. गड्डे फरशीवर घरंगळले. ते गोळा करायचंही तिला सुचलं नाही.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं?”

“पण तुम्ही इथे एकटे...” पुढे तिला बोलवेना. तिला रडूच आलं, मोकळं, मोठ्याने, पाच वर्षांचं साठलेलं.

“एकटा कशाने? अर्धं बियाणं इथेच आहे की. काढणीला दोघांनी यायचं. माझी कंबर आता वाकत नाही. आणि त्या हातांनी डोळे पुसू नकोस, लसूण झोंबेल.”

तोवर झोंबला होता.

सासऱ्यांनी चष्मा काढला. “पहिल्यांदा खरंच सैल झाला होता. तू तो करून आणलास आणि त्या दिवशी जेवताना हसलीस. चार वर्षांत पहिल्यांदा.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला, काडीला दोन पिळे दिले आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

“चाळीस वर्षं मशीनचे स्क्रू आवळलेत मी. एखादा सैल करता येत नाही होय?”