पुढच्या पाळीचा माणूस

म्हाताऱ्याने उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढली आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात दिली. सिस्टरने ती एप्रनच्या खिशात टाकली. दोघं काहीतरी पुटपुटले. मग म्हातारा कुशीवर वळला आणि ढाराढूर झोपला.

मुलीने हे दारातून पाहिलं. हातातला डबा ठेवायचंही तिला सुचलं नाही.

पाय सडत होता म्हणून बापाला इथे आणलं होतं. साखरेचा आजार आणि टाचेला जखम. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "झोपच नाही तर जखम भरणार कशी? असंच चाललं तर पाय काढावा लागेल." आणि म्हातारा झोपत नव्हता. तापात भ्रमल्यासारखा पलंगावरून पाय खाली सोडून दाराकडे बघत बसायचा. ही सिस्टर आली आणि तो झोपायला लागला. जखम भरू लागली, टाचेत लाल मांस धरायला लागलं. मुलीला ते लाल मांस दिसलं नाही. तिला खिसा दिसला.

"गोळ्या चारते," शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बायको म्हणाली. ती कुणी न विचारताच बोलायची. "वर पैसेही उकळते. माझ्या दिराला एक अशीच झोपवायची. छान झोपायचा हो. एक दिवस उठलाच नाही."

संशयाला पुरावा लागत नाही, शेजारीण पुरते.

मुलगी सिस्टरला एका शब्दाने न विचारता थेट मेट्रनकडे गेली. "हिच्या हातून माझ्या बापाला पाणीसुद्धा नको." मेट्रनला कटकट नको होती. चौकशीची भानगड न करता तिने फोन उचलला. सिस्टर पाळी अर्धवट टाकून मुलांच्या वॉर्डात गेली, खिशातल्या पुरचुंडीसकट.

दुसऱ्या दिवशी एक आया मूठ झाकून आली. "त्या सिस्टरनी काकांसाठी दिलंय..."

"चल नीघ. त्या बाईचं काही नको इथे."

आया तोंड वाकडं करून निघून गेली. मुठीत काय होतं ते मुलीने पाहिलंही नाही.

म्हातारा पुन्हा जागा राहू लागला. उशी उचलायचा, गादी चाचपायचा, पुन्हा उशी उचलायचा. "बघितलंत?" मुलगी शेजारणीला म्हणाली. "काहीतरी नेलंयच तिने." नव्या सिस्टरने डॉक्टरांनी लिहिलेली झोपेची गोळी दिली. गुंगीने त्याची मान पडायची, पण पाय जमिनीवरच. पट्टी ओली व्हायची, सुटायची. "नशा उतरतेय," शेजारीण म्हणाली. जखम राखाडी झाली. मग वास यायला लागला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल न लावता बराच वेळ टाच पाहिली आणि म्हणाले, "उद्या ठरवू."

मुलगी स्टुलावर बसून बापाकडे बघत राहिली. बाप अजून दाराकडेच बघत होता. हेच करत आला होता तो जन्मभर. कारखान्याच्या गेटवर वॉचमन. हिच्या लग्नात पोचला तेव्हा पाहुणे हात धुऊन निघाले होते. "रिलीव्हर आला नव्हता," एवढंच बोलला. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून पोटची पोर ताटकळत ठेवली. ते तिने अजून पोटात ठेवलं होतं. आणि आता पाय जायची वेळ आली तरी हा दाराकडेच बघतोय. जसं काही हिच्यापेक्षा मोठं कुणीतरी यायचंय.

ती ताडकन उठली आणि मुलांच्या वॉर्डात गेली. सिस्टर एका पोरीच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत होती.

"काय खायला घातलंत माझ्या बापाला?"

"हळू बोला. मुलं झोपलीत."

सिस्टरने गाठ मारली, पोरीच्या गालाला हात लावला आणि मग खिशातून पुरचुंडी काढून उघडली. आत किल्ल्या होत्या. मोठ्या, गंजलेल्या. एकीच्या कडीला लाल वायर गुंडाळलेली.

ती वायर मुलीनेच गुंडाळली होती, शाळेत असताना, गेटची किल्ली बाबांना अंधारात हाताला कळावी म्हणून. तो कारखाना कधीच बुडाला. गेटसुद्धा भंगारात गेलं. बंद झाला त्या दिवशी किल्ल्या मागायला मालकाचं कुत्रंही आलं नव्हतं.

"गोळी मी एकही दिली नाही," सिस्टर म्हणाली. "संध्याकाळी मी ड्युटीवर आले की ते विचारायचे, रिलीव्हर आला का? मी म्हणायचे, आले. किल्ल्या हातात घेऊन चार्ज घ्यायचे, सकाळी परत द्यायचे. तापात माणूस मागे जातो हो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आयाकडून किल्ल्या पाठवल्या, तर तिलाही हाकललंत."

मुलीने सिस्टरचं मनगट धरलं. "मग चला ना तुम्ही. आत्ताच्या आत्ता."

"त्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे मला. तुमच्याच कृपेने." सिस्टरने किल्ल्या पुढे केल्या.

मुलगी परत आली. शेजारीण काहीतरी विचारत होती, तिने तिकडे पाठ केली. बापाचे पाय जमिनीवर होते. ती त्याच्यासमोर जाऊन सरळ उभी राहिली आणि किल्ल्या पुढे धरल्या.

"बाबा, रिलीव्हर आला. चार्ज घेते मी. सुटा तुम्ही."

म्हाताऱ्याने किल्ल्या पाहिल्या. लाल वायरवरून अंगठा फिरवला. मग तिला खालून वर निरखलं, नव्या माणसाला निरखतात तसं. आणि कुणी न सांगता दोन्ही पाय उचलून पलंगावर घेतले.

"किती उशीर केलास," तो म्हणाला आणि झोपला.