सुतकातला ट्रंपेट

"अजून सा दिस थांबा म्हनावं त्यास्नी," भिकू दुभाष्याला म्हणाला. "मग हवं तेवढं वाजवतो. भाऊ जाऊन चारच दिस झाल्यात."

पुण्याहून आणलेल्या चष्मेवाल्या दुभाष्याने ते गोऱ्या साहेबाला सांगितलं. साहेब विलायतेच्या टेलिव्हिजनचा माणूस. मुंबईच्या हॉटेलांत पूर्वी जॅझ वाजवणाऱ्यांवर तो माहितीपट काढत होता. त्यातला एक म्हातारा मुळशीत धरणाच्या काठी भात पिकवतो, असं कळल्यावर जीप घेऊन इथवर आला होता. परवा त्याचं विमान होतं.

ओट्यावर बसलेला भावकीतला गेणबा नुसता खाकरला. दारात गेलेल्या भावाची, कुशाबाची, विधवा गोजराबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. कुशाबाला मूलबाळ नव्हतं. अग्नी भिकूनेच दिला होता, दहाव्याला पिंडही त्यालाच ठेवायचा होता. अशा माणसाने सुतकात वाद्याला तोंड लावायचं नसतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबाने तोडगा काढला. भिकूने ट्रंपेट नुसता ओठाशी धरायचा आणि कळांवर बोटं चालवायची. आवाज नंतर घालता येईल. भिकू पूर्वी वाजवायचा त्या हॉटेलच्या बँडची जुनी रेकॉर्ड त्याला मिळाली होती.

यात गेणबालाही काही वावगं दिसेना. भिकूला घरासमोरच्या कापणी झालेल्या खाचरात उभं केलं, पाठीमागे धरणाचं पाणी. कॅमेरा घरघरू लागला. भिकूची बोटं कळांवर गेली आणि तिथंच थांबली.

"त्या रेकॉर्डवर मी न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अकरा वरसं मी वाजवलं तितं. रेकॉर्ड भरायच्या दिवशी म्यानेजरनं मला भाईर बसवलं आन् दुसरा आनला. त्याचा आवाज हाय त्यो."

दुभाष्याने सांगितलं. साहेब हसून दोन शब्द बोलला.

"चालेल म्हणतात. पाहणाऱ्यांना काय कळणार आहे?"

एका सकाळीत ज्याने त्याची जागा घेतली, तोच आता त्याच्या तोंडून वाजणार होता, आणि तेही साऱ्या विलायतेसमोर. लोक म्हणणार, हाच तो भिकू, असा वाजवायचा. पुन्हा कुणी विचारायला येणार नव्हतं. त्याने एकदा गेणबाकडे पाहिलं. दाराकडे पाहायचा त्याला धीर झाला नाही.

आणि त्याने फुंकलं.

पहिला सूर फाटला. पुढचे दात गेलेले, ओठ सैल. दुसराही डगमगला. मग कुठून कोण जाणे, जुना दम आला. हॉटेलात गिऱ्हाईक पांगल्यावर तो स्वतःपुरती जी चाल वाजवायचा, तीच निघाली, सावकाश, मध्येच अडून पुन्हा वर चढणारी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. गेणबा उठला, काठी टेकत वळूनही न बघता निघून गेला.

वाजवून झाल्यावर भिकूला धाप लागली होती. "आला का नीट?" त्याने विचारलं.

दुभाष्याने चष्मा काढून पुसला. "आवाजाचं यंत्र जीपमध्येच आहे, बाबा. लागणार नव्हतं, म्हणून उतरवलंच नाही."

साहेब खूश होता. त्याने भिकूचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला.

"फार छान झालं म्हणतात," दुभाष्या खाली बघत म्हणाला. "बोटं अगदी खरी वाटली."

जीप गेली. ट्रंपेट कुठे ठेवावा ते भिकूला सुचेना. तसाच हातात धरून तो ओट्यापाशी आला. गोजराबाई अजून दारातच होती.

"चांगलं वाजवलंत, भावजी," ती म्हणाली. "इतकी वरसं झाली, कदी ऐकलंच न्हवतं आमी."

तिने पदराने तोंड पुसलं.

"दहाव्याला पिंडाला मातर आता हात लावू नका."